जमिनीपासून करंगळीभर वर

वहिनींचं वजन एकसष्ट किलो भरलं. सुताच्या गोण्या तोलायच्या काट्यावर त्या चपला काढून उभ्या होत्या. नववा महिना लागून आठवडा झाला होता. दादा खाली उकिडवा बसून दांडीवरचं वजन एकेक खूण पुढं सरकवत होता. दांडी मधोमध थांबली तसा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "लिही." मी लिहिलं. किती भरलं ते वहिनींनी विचारलं नाही. त्या उतरल्या, चपला घातल्या आणि साइझिंगच्या फाटकातून एकट्याच घरी गेल्या.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. भिवंडीतल्या एका साइझिंगमध्ये तो फिटर होता. मागावर चढण्याआधी सूत उकळत्या खळीतून काढून तापलेल्या रुळांवर वाळवतात, म्हणजे विणताना ते तुटत नाही. ते काम जिथं चालतं त्या कारखान्याला आमच्याकडे साइझिंगच म्हणतात. मी कोन गावाजवळ कल्याण रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर कामाला होतो. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, दोन्हींतला फरक. दिवसभर तेवढंच. मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय मला तिथं लागली, की ती होती म्हणून मी तिथं टिकलो, हे सांगता येणार नाही. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. माझं लग्न व्हायचं होतं.

वहिनींचं वजन दादाला एका गाडीसाठी हवं होतं. ती गाडी चाकांवर चालणार नव्हती. जमिनीपासून वर उचलून, हवेवर तरंगत ती जाणार होती, आणि तिच्यातून तो वहिनींना बाळंतपणाला नेणार होता.

हे वाचताना हसू येईल. तेव्हाही लोक हसले. आमच्या घरात मात्र कोणी हसलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी काय झालं ते आम्हा चौघांना माहीत होतं. वहिनींचं पहिलं बाळंतपण होतं. घरापासून प्रसूतिगृह पावणेतीन किलोमीटर. सकाळी रिक्षा केली आणि नाक्यावर अडकलो. पुढं सुताचे ट्रक, मध्ये सूत गुंडाळलेले बीम लादलेल्या हातगाड्या, मागं टेम्पो. उतरून चालावं तर वहिनींना उभं राहवेना. पावणेतीन किलोमीटरला सव्वा तास लागला. मूल गेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. त्या दिवसापासून दादा रस्त्याकडे माणसाकडे बघावं तसा बघू लागला, ज्याच्याशी आपलं काही उरलंय अशा माणसाकडे.

गाडीची कल्पना त्याला कुठल्या चित्रातून सुचली नव्हती, जरी पेपराच्या रविवारच्या पुरवणीत तसली चित्रं तेव्हा यायची. शहरात उंच इमारती, मधून तरंगणाऱ्या मोटारी, आत टोपी घातलेला माणूस. दादाला ती सुचली कारखान्यात. ब्लोअरचं तोंड जमिनीलगत उघडं होतं, त्यावर प्लायवूडचा एक तक्ता पडला होता. तक्त्यावर सुताची एक गोणी होती. ती बाजूला ओढायला दादानं हात लावला, तर गोणीसकट तक्ता सरकत भिंतीपर्यंत गेला. त्यानं तो परत आणला आणि एका बोटानं ढकलला. परत गेला. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी जेवत होतो. माझ्यासमोर बसून त्यानं विचारलं की तीनशे किलो उचलायला हवा किती लागेल.

मी हिशेब केला. आठ फूट लांब, पाच फूट रुंद तक्ता. गाडीचा सांगाडा, भंगारातलं स्कूटरचं इंजिन आणि साइझिंगमधून मागून आणलेले पंखे मिळून एकशे नव्वद किलो. दादा अठ्ठावन्न. वहिनींचं वजन पुढं प्रत्यक्ष घेतलं, ते एकसष्ट. एकूण तीनशे नऊ. तक्त्याच्या क्षेत्रफळानं भागलं तर एका चौरस सेंटीमीटरला सव्वाआठ ग्रॅम. म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या जागेवर जेमतेम किलोभर. मी तीन वेळा भागून पाहिलं. एवढा कमी दाब लागेल असं मला वाटलं नव्हतं. खरं तर मला तो जास्त यायला हवा होता.

तक्त्याच्या खाली चारी बाजूंनी कापडाचा घोळ सोडायचा, सहा इंचाचा, लहान मुलीच्या परकरासारखा. पंख्याची हवा आत कोंडून राहील, तक्ता वर उचलेल, आणि कापडाच्या खालच्या कडेतून थोडी थोडी हवा निसटत राहील. त्या फटीएवढी, म्हणजे एक सेंटीमीटर, करंगळीभर, गाडी जमिनीपासून सुटलेली राहील. सगळं त्या कापडावर होतं. ताडपत्री जड होती, रेक्झिन घडीवर चिरत होतं. दादानं जे कापड घेतलं ते आमच्या गावातल्या कुठल्याही माणसानं घेतलं असतं. घट्ट विणीचं कोरं कापड, आणि ते खळीतून काढून रुळांवर वाळवलेलं. एकदा नाही, दोनदा.

मी त्याची चाचणी घेतली. तीन उश्या शिवल्या. त्यांत हवा भरून वर वीस किलोचं वजन ठेवलं आणि घड्याळ लावून बसलो. साध्या कापडाची उशी नऊ सेकंदांत बसली. एकदा खळ दिलेली चाळीस सेकंदांत. दोनदा खळ दिलेली तीन मिनिटं दहा सेकंद टिकली. दादानं ते कापड बोटांनी चोळलं. पत्र्यासारखं वाजलं. "आता बोल," तो म्हणाला. आकडा माझ्यासमोर होता.

पहिल्यांदा गाडी उचलली ती माझ्याच वजनकाट्यावर. दादाला तिचं नक्की वजन हवं होतं, म्हणून तो ती हातगाडीवर घालून कोनपर्यंत घेऊन आला. लोखंडी पाट गाडीपेक्षा मोठा होता. दादा आत बसला, मी काटा पाहिला. अडीचशे. आमचा काटा दहा किलोच्या खाली बोलत नाही, तेव्हा हिशेब जुळत होता. मागं एक ट्रकवाला खोळंबला होता. त्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मुनीमजी, हवा का भी तौल लगाओगे क्या?" दादानं इंजिन चालू केलं. कापड फुगलं, पाटावरची धूळ चारी बाजूंनी उडाली आणि गाडी हलकेच वर आली. मी पावतीचा कागद कापडाच्या खालून सरकवत चारी बाजूंनी फिरवला. कुठंही अडला नाही. ट्रकवाल्यानं डोकं आत घेतलं.

मग मी काट्याकडे पाहिलं. अडीचशे. तसूभर हलला नव्हता.

दादाला मी आत बोलावून दाखवलं. त्याला वाटलं काटा अडकलाय. मी सांगितलं, काटा बरोबर आहे, गाडीचं वजन हवेतून खाली उतरतंय, गाडी सुटली तरी तिचा भार पाटावरच आहे. तो काट्याकडे बघत राहिला. त्याला त्या दिवशी काय वाटलं मला माहीत नाही. मला मात्र बरं वाटलं नाही. जमिनीवरचा भार जातो असं आपण धरून चाललो होतो आणि तो गेला नव्हता, फक्त जमिनीला धरून राहण्याची सोय तेवढी गेली होती.

हे मी नुसतं म्हणत नाही, मोजलं होतं. साइझिंगच्या फरशीच्या अंगणात खडूच्या रेघा ओढल्या. दादा आणि एकसष्ट किलो वाळूची पोती, असा पूर्ण भार. भराभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं गाडी आणायची आणि रेघेवर इंजिन बंद करायचं. चौदा फूट घसरत गेली. सायकलच्या वेगानं आणली तर एकतीस फूट. त्याच वेगाची रिक्षा सहा-सात फुटांत उभी राहते. चाक जमिनीला टेकलेलं असतं म्हणून ते थांबवता येतं. हिला टेकलेलं काहीच नव्हतं. वळायलाही तसंच. मागचा लहान पंखा आणि पत्र्याचं सुकाणू यांच्यावर सगळी भिस्त. मी दादाला आकडे दाखवले. तो म्हणाला, "भोंगा लावू."

मुख्य रस्त्यानं तो जाणारच नव्हता. तिथं ट्रक होते, आणि ट्रकच्या मागं तरंगत उभं राहिलं काय आणि चाकांवर उभं राहिलं काय, सारखंच. त्यानं नाल्याकडेची गल्ली धरली होती. ती इतकी खड्ड्यांची की रिक्षावाले तिच्यात शिरत नसत, म्हणून ती मोकळी असे. गुरुवारी दुपारी सुट्टी काढून मी ती चालून आलो, वही घेऊन. गतिरोधक नाही. हातगाड्या लावलेल्या दोन ठिकाणी. नाल्याला कठडा नाही. गल्लीचा उतार नाल्याकडे, पावसाचं पाणी जावं म्हणून काढलेला, पाच फुटांत दोन इंच. चाकाच्या गाडीला हा उतार कळतही नाही. आम्ही अंगणात तेवढ्याच उतारावर तक्ते मांडून गाडी नेऊन पाहिली. सुकाणू धरून ठेवत होतं. जेमतेम, पण धरत होतं.

आईनं एकदा सांगून पाहिलं होतं की आठ दिवस आधीच प्रसूतिगृहाजवळच्या ओळखीच्यांकडे जाऊन राहू. दादा म्हणाला, कुणाच्या दारात किती दिवस पडायचं, आणि तिथूनही ऐनवेळी रस्ता लागेलच की. आई म्हणाली, "चालत पन जाता येतं." त्यानं ऐकलं नाही. कारखान्यातले लोक त्याला येता जाता विचारत, "मिस्त्री, कब उड़ेगी?" तो हसून म्हणायचा, "बारात में बुलाऊँगा." घरी मात्र तो हसत नसे. जेवताना त्याचे डोळे वहिनींच्या पोटाकडे जायचे आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

तो माझ्याकडून कागद मागत होता. गाडी उचलेल की नाही, एवढंच. माझ्या आकड्याशिवाय तो वहिनींना बसवणार नव्हता, असं त्यानं स्वतःच आईला सांगितलं होतं.

वहिनी गणेशपुरीकडच्या. बोलायच्या कमी. एका दुपारी मी घरी होतो, त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातून मान वर न करता त्यांनी विचारलं,

"भाऊजी, तो कागद तुमीच लिवनार ना?"

मी हो म्हणालो.

"मग लिवा, न्हाय उचलत म्हनून."

"उचलतेय, वहिनी. मी मोजलंय."

त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "मी बोलले तर त्यांना वाटतं मी घाबरते. घाबरतेच मी. तुमचा आकडा ते ऐकतात."

मी म्हणालो की गाडी थांबायला किती लागते, उतारावर काय होतं, ते सगळं मी कागदाच्या मागच्या बाजूला लिहीन.

"मागची बाजू कोन वाचतं?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या.

मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी झोपलो. सकाळी उठून कागद लिहिला. पुढच्या बाजूला: "एकूण भार ३०९ किलो. उचलेल." मागच्या बाजूला थांबण्याची अंतरं, उतार, कठडा नसल्याचं. मला जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी दिलं होतं आणि ते बरोबर होतं. दादानं पुढची बाजू वाचली, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

एवढं मात्र मी करून घेतलं की वहिनी बसण्याआधी एकदा गल्लीतून पूर्ण फेरी होईल, वाळूच्या पोत्यांवर. तो कबूल झाला. शुक्रवार ठरला, कारण त्या आठवड्यात शुक्रवारी वीज बंद होती. वीज बंद म्हणजे माग बंद. ज्यांनी भिवंडीत दिवस काढलेत त्यांना माहीत आहे, चोवीस तासांची खटखट थांबली की गाव कसं होतं. लोक एकमेकांशी ओरडून बोलत राहतात आणि मग आपला आवाज ऐकून दचकतात.

सकाळी साडेसहाला आम्ही गाडी गल्लीच्या तोंडाशी आणली. आम्ही घरून निघालो तेव्हा वहिनी चुलीपुढं बसल्या होत्या, भिंतीला पाठ टेकून. चहा आईनं दिला. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

पोती वहिनींच्या जागेवर बांधली. दादा बसला. गाडी उचलली, खड्ड्यांवरून अशी गेली की खड्डे आहेत हे तिच्या गावीच नव्हतं. मी मागून पळत होतो. दोनशे पावलांपर्यंत मला वाटलं की दादा बरोबर होता आणि आम्ही बाकीचे सगळे भित्रे. एक हातगाडीवाला हातातला चहा तसाच धरून बघत उभा होता.

मग गल्लीचं वळण आलं. तिथं नळाच्या लायनीचा एक व्हॉल्व्ह आहे, तो गळतो. पाणी सकाळी सुटतं. सव्वासहा ते आठ त्या वळणावर वीस-पंचवीस फूट पाणी साचलेलं असतं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही, तेच पाणी आमच्या घरी यायचं. पण मी गल्ली पाहिली होती दुपारी, तेव्हा ती कोरडी होती, आणि वहीत मी जे पाहिलं तेच लिहिलं होतं.

गाडी पाण्यावरून आरामात गेली. खालच्या हवेनं पाण्याचे तुषार उडाले, कापड भिजलं, आणि भिजल्याबरोबर त्यातली खळ सुटली. नाल्याच्या बाजूला पाणी जास्त, म्हणून ती बाजू आधी मऊ पडली. हवा तिकडून निघून गेली. गाडी त्या अंगाला कलली आणि उताराला लागली. दादानं सुकाणू ओढलं, ओढतच राहिला. मग इंजिन बंद केलं. ती थांबली नाही. फार वेगात नव्हती. मी तिच्याबरोबर चालू शकत होतो, हात लावू शकत होतो. लावलाही. तीनशे नऊ किलो माझ्या हातातून, अगदी सावकाश, नाल्यात गेले.

दादा उडी मारून बाहेर पडला, त्याचं मनगट मोडलं. गाडी उलटी झाली ती वहिनींच्या बाजूनं. पोती बांधलेली होती. ती काळ्या पाण्याखाली होती आणि वर फक्त तक्ता दिसत होता.

आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. आमच्या गावातून कापड कोरंच बाहेर जातं. धुलाई, रंगाई सगळं दुसरीकडे. खळ दिलेलं कापड आम्ही जन्मभर पाहतो, ते भिजल्यावर काय होतं ते पाहायची वेळ आमच्यावर येत नाही. दादासारख्या फिटरला खळ म्हणजे ताकद. मलाही. तीन उश्या मी शिवल्या आणि एकही पाण्यात घातली नाही.

घरी आलो तर घर रिकामं. शेजारणीनं सांगितलं, तुम्ही गेलात आणि मागोमाग दोघी निघाल्या, पिशवी घेऊन, चालत. दादा मोडका हात धरून तसाच निघाला, मी मागं. माग बंद असल्यानं मुख्य रस्ता मोकळा होता. एकही ट्रक नव्हता. पावणेतीन किलोमीटर आम्ही पंचवीस मिनिटांत गेलो.

आई प्रसूतिगृहाच्या पायरीवर बसली होती. तिच्या पायात एकच चप्पल होती. दादाला पाहून ती उठली नाही.

"रातीपासून दुखत होतं तिला," ती म्हणाली. "तुला सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर तू बसवली असतीस."

दादा पायरीवर खाली बसला. बसवली असती. पोती खाली टाकून तिला बसवली असती, आणि माझा कागद त्याच्या खिशात होता.

मुलगी झाली, दुपारी. वजन अडीच किलो. ते मला कोणी विचारलं नव्हतं, मीच नर्सला विचारलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी उरलेल्या कापडाची एक उशी शिवली, बादलीत बुडवून काढली, हवा भरली आणि वीस किलोचं वजन ठेवलं. सहा सेकंद. साध्या कापडाहूनही कमी. ते मी वहीत लिहून ठेवलं, तीन मिनिटं दहा सेकंदांच्या खाली.

पंधरवड्यानं दादा हाताला प्लास्टर घेऊन घरी बसला होता. वहिनी मुलीला मांडीवर घेऊन समोर होत्या. गाडी नाल्यातून काढून अंगणात आणून ठेवली होती, तिच्यावर गोणपाट टाकलं होतं. सगळं संपलं असं आम्हाला वाटत होतं. दादा चहा पिता पिता म्हणाला, "रबराचं करू. ट्रकच्या ट्यूबा कापून. पाण्याचं काही नाही मग. हिला लस टोचायला न्यायचंच आहे. तू फक्त आकडा काढ."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मुलीच्या टाळूवर त्यांचा हात होता, तो तिथंच राहिला.

"हिशेब बसत नाही," मी म्हणालो.

"मोजलंस?"

"मोजलं. रबर जड होतं. उचलत नाही."

तो माझ्याकडे बघत होता. मग त्यानं मान हलवली. माझ्या आकड्यावर त्यानं कधी शंका घेतली नव्हती, तेव्हाही घेतली नाही. महिनाभरात पंखे साइझिंगमध्ये परत गेले, इंजिन भंगारात गेलं, तक्त्याचं आईनं मोरीला दार करून घेतलं.

नव्वदच्या दशकात पेपरात पुन्हा तसली चित्रं येऊ लागली, दोन हजार साल जवळ आलं म्हणून. शहरात तरंगत्या मोटारी, माणूस घरून कचेरीत पाच मिनिटांत. दादा ती पानं वाचायचा आणि घडी करून ठेवायचा. एका दुपारी काट्यावर गाड्या नव्हत्या, तेव्हा मी रबराचा हिशेब केला. ट्यूबचं वजन, जाडी, गळती, सगळं धरून. दोनदा केला.

हिशेब बसत होता. गाडी उचलली असती. तो कागद मी दादाला दाखवलेला नाही.